पूर ओसरल्यावर हरणांना लागण कशी होते: डॅन्यूबकाठचा मोठा यकृतकृमी

प्रश्न असा आहे: नद्या आणि त्यांची पूरमैदानं रानातल्या हरणांमध्ये परजीवी पसरवायला हातभार लावतात म्हणतात, ते नेमकं कसं? पाण्याबरोबर जंत वाहत जातात आणि खालच्या अंगाची हरणं ते पाणी पितात, इतकं सरळ आहे का?

इतकं सरळ नाही. नदी परजीवी वाहून नेते हे खरं, पण तिचं मुख्य काम ते नव्हे. पूर ओसरताना ती मागे उथळ, कोमट, चिखलाचा एक पट्टा ठेवून जाते. कृमीचं अंडं, गोगलगाय आणि चरणारं हरीण हे तिघं त्या हातभर पट्ट्यात एकाच हंगामात एकत्र येतात. लागण होते ती तिथे. म्हणून पूर किती मोठा आला यापेक्षा तो किती सावकाश उतरला, कुठे साचून राहिला आणि तेव्हा हवा किती उबदार होती, हे विचारणं जास्त उपयोगाचं.

उदाहरण धरू मध्य युरोपातल्या डॅन्यूब नदीचं. तिच्या काठच्या पूरजंगलांत तांबडी हरणं, म्हणजे रेड डिअर, मोठ्या संख्येने आहेत. आपल्या सांबराच्या नात्यातलाच हा प्राणी. त्यांच्या यकृतात राहणारा परजीवी म्हणजे फॅसिओलॉइडिस मॅग्ना, मोठा यकृतकृमी. शेळ्या-मेंढ्या-गुरांत आढळणारा नेहमीचा यकृतकृमी दोन-तीन सेंटीमीटरचा असतो. हा पूर्ण वाढला की 10 सेंटीमीटरपर्यंत लांब आणि साडेतीन सेंटीमीटरपर्यंत रुंद होतो. पानासारखा चपटा असला तरी हातात घेतला तर मांसल, जाडसर लागतो.

हा मूळचा युरोपचा नाही. उत्तर अमेरिकेतली पांढऱ्या शेपटीची हरणं, वापिटी (तिथलं मोठं हरीण) आणि कॅरिबू (तिथलं रेनडिअर) हे त्याचे मूळ यजमान, म्हणजे ज्यांच्या अंगात तो राहतो ते प्राणी. इटलीत तुरीनजवळच्या ला मांद्रिया या राजघराण्याच्या शिकारी उपवनात 1865 मध्ये अमेरिकेतून वापिटी आणले गेले आणि त्यांच्या पोटातून हा पाहुणा आला. रोबेर्तो बास्सी यांनी 1875 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते तिथल्याच हरणांवरून. त्यामुळे अमेरिकेच्या कृमीची पहिली ओळख जगाला युरोपात झाली. आज युरोपात त्याचे कायमचे तीन अड्डे मानतात: ला मांद्रिया, चेक प्रजासत्ताक आणि त्याला लागून असलेला पोलंडचा नैऋत्य भाग, आणि डॅन्यूबची पूरजंगलं. जनुकीय तुलनेत डॅन्यूबचे कृमी चेक कृमींशी जुळतात, इटलीच्या कृमींशी नाही. म्हणजे ते अमेरिकेतून युरोपात निदान दोनदा आले.

डॅन्यूबवर तो पहिल्यांदा ठळकपणे दिसला 1980 च्या दशकाच्या अखेरीस, स्लोव्हाकियात गाब्चिकोवोच्या आसपास नदीच्या फाट्यांमध्ये, म्हणजे बाजूच्या प्रवाहांमध्ये. मग समोरच्या काठावर हंगेरीत. त्यानंतर 2000 मध्ये दोन टोकांना: वर ऑस्ट्रियात, व्हिएन्नाच्या पूर्वेला फिशामेंडजवळ, आणि खाली क्रोएशियात, द्रावा आणि डॅन्यूबच्या संगमावरच्या बारान्या भागात. डॅन्यूबवरचे किलोमीटर मुखापासून उगमाकडे मोजतात. गाब्चिकोवो साधारण 1819 वर, द्रावेचा संगम 1382 च्या आसपास, फिशामेंड 1908 च्या आसपास. म्हणजे कृमी प्रवाहाबरोबर सव्वाचारशे किलोमीटरहून जास्त खाली गेला आणि प्रवाहाच्या उलट जवळपास नव्वद किलोमीटर वर चढला. केवळ पाण्याने वाहून गेला असता तर वर कसा गेला असता? हा नकाशा नीट पाहिला तर 'वाहून गेला' हे उत्तर अपुरं का, ते लगेच कळतं.

आता जीवनचक्र. प्रत्येक टप्प्यावर नदी कुठे हात घालते तेवढंच पाहू.

प्रौढ कृमी हरणाच्या यकृतात पातळ भिंतीच्या पिशवीत, बहुतेक जोडीने किंवा चार-पाचांच्या गटाने राहतो. अंडी पित्तनलिकेतून आतड्यात आणि तिथून लेंडीत उतरतात. एक कृमी दिवसाला हजारो अंडी टाकू शकतो. पण अंडं लेंडीत अडकलेलं असेपर्यंत पुढे सरकत नाही. त्याला लेंडीतून सुटं व्हावं लागतं, आणि हरणाची लेंडी घट्ट, वरून गुळगुळीत असते. कोरड्या जमिनीवर ती तशीच वाळते आणि आतली अंडी मरतात. पुराचं पाणी नेमकं इथे कामाला येतं. लेंड्या दोन-तीन दिवस भिजल्या की फुगून विरघळतात, अंडी सुटतात आणि गाळाबरोबर खोलगट जागी बसतात. पावसानेही हे होतं, पण पूर ते एका वेळी शेकडो हेक्टरवर करतो.

सुट्या अंड्यातून मिरासिडियम ही पोहणारी अळी बाहेर पडायला 23 ते 25 अंश तापमानात चार ते सहा आठवडे लागतात. 10 अंशांखाली वाढ थांबते. अळीला तोंड नाही, खाणं नाही. अंगातली शिदोरी एक-दोन दिवस पुरते, तेवढ्यात तिला योग्य गोगलगाय गाठावी लागते. वाहत्या पाण्यात ते जवळपास अशक्य. चार बोटं खोलीच्या उभ्या, कोमट पाण्यात शक्य.

गोगलगायीत शिरल्यावर मिरासिडियमपासून स्पोरोसिस्ट, त्यातून रेडिया, रेडियातून पुन्हा रेडिया आणि शेवटी शेपटीवाल्या सर्केरिया असा गुणाकार होतो. एका अळीमागे शेकडो सर्केरिया. याला उन्हाळ्यात सात-आठ आठवडे लागतात. सर्केरिया बाहेर पडून तास-दोन तास पोहतात, पाण्याखालच्या किंवा पाण्याच्या रेषेवरच्या पानाला चिकटतात, शेपटी टाकतात आणि भोवती कवच करून बसतात. ही मेटासर्केरिया, टाचणीच्या टोकाएवढी. ओलावा असेल तर ती कित्येक महिने जिवंत राहते, कडक उन्हात वाळली तर मरते. हरणाने ते पान खाल्लं की आतड्यात कवच विरघळतं, कोवळा कृमी आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीत येतो आणि यकृतात शिरून जोडीदार मिळेपर्यंत बोगदे काढत फिरतो. लागण झाल्यापासून पहिली अंडी लेंडीत यायला 30 ते 32 आठवडे.

हे आकडे कॅलेंडरवर मांडा. आल्प्समधला बर्फ वितळून येणारं पाणी वरच्या आणि मधल्या डॅन्यूबला वसंताच्या अखेरीस आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला चढतं. मेमध्ये सुटलेलं अंडं जूनमध्ये फुटतं, गोगलगायीत जुलै-ऑगस्ट जातो, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मेटासर्केरिया पानांवर तयार. याच काळात वरचं रान वाळतं आणि हिरवा चारा उरतो तो उतरत्या पाण्याच्या काठाला. सप्टेंबरमध्ये लागण झालेलं हरीण एप्रिल-मेमध्ये अंडी टाकू लागतं, आणि पाणी पुन्हा चढतं. थंडीआधी लागण झालेल्या काही गोगलगायी चिखलात हिवाळा काढतात आणि त्यांच्यातून पुढच्या वसंतात मेटासर्केरियांची आणखी एक छोटी लाट येते. पूर जर जानेवारीत आला असता तर अंडी वाहून गेली असती, फुटली नसती. नदीचं आणि कृमीचं वेळापत्रक जुळतं, ही या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

गोगलगाय कोणती, यावर थोडं थांबायला हवं, कारण पूरमैदानातली धोक्याची जागा तीच दाखवते. युरोपात मुख्य मध्यस्थ गाल्बा ट्रंकॅट्युला. रॅडिक्स वंशाच्या काही जातींतही लागण होते, पण पहिलं नाव गाल्बाचं. शंख 5 ते 10 मिलिमीटर, तपकिरी, उंच, वेढ्यांना पायऱ्यांसारखे खांदे. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड उजवीकडे असेल तर लिम्नीड कुळातली (गाल्बा आणि रॅडिक्स याच कुळातल्या), डावीकडे असेल तर फायसा ही वेगळीच गोगलगाय, ती सोडून द्या. उजवीकडे असून तोंड कानासारखं पसरट, शंखाचा मोठा भाग व्यापणारं असेल तर रॅडिक्स. तोंड लहान, शंखाच्या साधारण निम्म्या उंचीचं असेल तर गाल्बा असण्याची शक्यता मोठी. पिल्लांत हे ओळखणं फसवं असतं, तेव्हा शंका असली की नमुना अल्कोहोलमध्ये ठेवून डीएनए तपासणीलाच पाठवावा.

गाल्बा ही धड पाण्यातली नाही आणि धड जमिनीवरची नाही. खोल तळं तिला नको, वेगाचा प्रवाह तर नकोच. मुख्य पात्रातल्या गोट्यांच्या बेटांवर ती मिळत नाही. तिला हवा असतो उघडा, मऊ, शेवाळाचा पातळ थर आलेला चिखल, ज्यावर पाण्याची जेमतेम फिल्म आहे. पाणी आटलं की ती चिखलात शिरून अंग शंखात ओढून घेते आणि महिनोन्महिने तशी राहते. पुन्हा ओल आली की काही तासांत चरायला बाहेर. एका उबदार हंगामात दोन-तीन पिढ्या होतात. म्हणजे दर वर्षी बुडणारी आणि दर वर्षी उघडी पडणारी जमीन तिला मानवते. शिवाय पूर जुनं गवत आणि पालापाचोळा झाकून नवा उघडा गाळ टाकतो, त्यावर शेवाळ येतं, आणि ते चरायला स्पर्धक गोगलगायी अजून पोहोचलेल्या नसतात.

प्रत्यक्ष शोधताना मोठी पाणथळ सोडून या जागा पाहा: सोडून दिलेल्या फाट्याच्या उताराचा काठ, हरणांच्या वाटेवरचे खुरांचे ठसे, नर हरणं माजाच्या दिवसांत लोळतात ती चिखलाची डबकी, लाकूड नेणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांच्या चाकोऱ्या, आणि पूरबांधाच्या पायथ्याचा चर. खुराच्या एका ठशात दोन-चार बोटं पाणी असतं, ते उन्हात मोकळ्या तळ्यापेक्षा लवकर तापतं, आणि त्याच वाटेने हरणं रोज जातात म्हणून लेंड्याही तिथेच पडतात. एका ठशात गोगलगाय, अंडी आणि कोवळं गवत तिन्ही सापडू शकतं. नकाशावर हे कुठेच दिसत नाही. उपग्रह चित्रावरून 'पाणथळ क्षेत्र' रंगवून धोक्याचा नकाशा करणाऱ्यांचा अंदाज म्हणूनच बरेचदा चुकतो.

पूरबांधाबद्दल एक गैरसमज आहे. बांधाच्या कोरड्या बाजूला पाणी येत नाही, म्हणून तिथे धोका नाही, असं धरलं जातं. नदी आठवडाभर चढलेली राहिली की बांधाखालून वाळू-गोट्यांच्या थरातून पाणी दाबाने पलीकडे येतं आणि शेताच्या कडेला पाझराची डबकी उभी राहतात. ती उथळ, स्वच्छ, विनाप्रवाह आणि लवकर तापणारी. पुरात हरणं बांध ओलांडून याच बाजूला येतात. गाल्बा तिथे आधीपासून चरात असतेच. म्हणजे बांधाने पाणी अडतं, चक्र अडत नाही.

आता वाहून नेण्याचा भाग. पुरात चार गोष्टी हलतात. अंडी हलतात, पण ती जड असतात, फार लांब जाण्याआधी गाळात बसतात. गोगलगायी उपटलेल्या वेताच्या, गवताच्या गड्ड्यांवर आणि ओंडक्यांवर बसून तरंगत जातात. काठावर अडकलेल्या काडीकचऱ्याच्या रांगेत त्या पुष्कळ सापडतात, त्यातल्या काही आधीच लागण झालेल्या असतात आणि नव्या जागी सर्केरिया सोडतात. मेटासर्केरिया पानासकट वाहते, आणि तिचं कवच मजबूत असल्याने लांबच्या प्रवासाला तीच जास्त टिकाऊ. चौथी गोष्ट हरीण स्वतः. तांबडं हरीण उत्तम पोहतं, डॅन्यूबचं पात्र त्याला अडवत नाही, आणि पाणी चढलं की कळप वर, खाली, आडवे, जिथे उंचवटा मिळेल तिथे जातात. प्रवाहाच्या उलट गेलेला कृमी हरणाच्या पोटातूनच गेला असणार, मग ते हरीण स्वतःच्या पायांनी गेलेलं असो की गाडीतून. पहिल्या दोन गोष्टी बहुधा शेजारच्या फाट्यापर्यंतची मजल मारतात, नवा अड्डा उघडतो तो मुख्यत्वे हरणामुळे, असं माझं मत आहे.

पुरात हरणं जिथे गोळा होतात ती जागा विसरू नये. हंगेरीच्या पूरमैदानांत वन्यप्राण्यांना चढून बसायला मातीचे उंचवटे मुद्दाम बांधलेले असतात. आठ-दहा दिवस त्यावर दाटी होते, लेंड्यांचा थर साचतो. पाणी पायरी-पायरीने उतरतं तसा तो थर उताराच्या कडेला धुऊन येतो आणि नेमका चिखलाच्या नव्या पट्ट्यात पडतो. जून 2013 च्या पुरात डॅन्यूब बुडापेस्टला 891 सेंटीमीटरवर गेली, आजवरची तिथली सर्वोच्च पातळी. अशा पुरानंतर तपासणी त्याच आठवड्यात करून काही हाती लागत नाही, आणि 'काही सापडलं नाही' असा अहवाल जातो. गोगलगायींसाठी सहा ते दहा आठवड्यांनी जा. हरणांच्या यकृतांत नव्या लागणीच्या खुणा शरद ऋतूच्या शिकारीत पाहा. लेंडीत अंडी दिसायला पुढचा वसंत उजाडतो.

मोठमोठी धरणं आणि कालवे झाल्याने पूर कमी झाले, मग रोग का वाढला, असाही प्रश्न पुढे येतो. गाब्चिकोवोच्या जलविद्युत प्रकल्पासाठी ऑक्टोबर 1992 मध्ये डॅन्यूबचं बहुतेक पाणी कालव्यात वळवलं गेलं. जुन्या पात्राशेजारचे फाटे कोरडे पडू नयेत म्हणून त्यांत पुढे वेगळ्या दाराने पाणी सोडण्याची व्यवस्था झाली. यात जोराचा, धुऊन काढणारा पूर कमी होतो आणि संथ, उथळ पाणी जास्त काळ टिकतं. गोगलगायीला ते वाईट नाही. पण कृमी तिथे वळवण्याआधीच पोहोचला होता, म्हणून सगळा दोष प्रकल्पाच्या माथी मारणं बरोबर नाही.

कोणत्या प्राण्यात लागण होते यावर नदीकाठाचा हिशोब बदलतो. तांबडं हरीण आणि फॅलो हरीण हे खरे यजमान: पिशवी पातळ, अंडी बाहेर पडतात, प्राणी बहुतेक वेळा वरून धडधाकट दिसतो. गुरं आणि रानडुकरं यांच्यात कृमीभोवती जाड, बंद भिंत तयार होते, अंडी बाहेर येत नाहीत, चक्र तिथे संपतं. तिसरा गट शेळ्या, मेंढ्या आणि रो हरीण, म्हणजे युरोपातलं लहान हरीण. त्यांच्यात पिशवीच नीट होत नाही, कृमी यकृतात भटकतच राहतो आणि दोन-चार कृमींनीही प्राणी मरतो. पूरजंगलात रो हरणं मेलेली सापडू लागली आणि यकृतात काळे पट्टे व रक्ताळलेले बोगदे दिसले, तर तांबड्या हरणांत कृमी बराच आधी मुरलेला आहे असं समजावं. रो हरीण स्वतः रोग पसरवत नाही, आधी झालेला प्रसार दाखवतं.

तपासणीत यकृत सगळ्यात विश्वासाचं. शिकार केलेल्या प्राण्याचं यकृत घेऊन आधी पृष्ठभाग चाचपा: फायब्रिनचे (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे) धागे, घट्ट गाठी, शाईसारखे काळे डाग. हा काळा रंग कृमीने पचवलेल्या रक्तातून येतो, आणि नेहमीच्या यकृतकृमीपासून याला वेगळं करणारी ही मोठी खूण. मग सेंटीमीटरभर जाडीचे काप काढा आणि प्रत्येक काप दाबून पाहा. पिशवी फुटली की करडा-तपकिरी, दाट द्रव येतो. तो चाळणीवर घेऊन धुवा. कृमी कापले गेलेले असतात, म्हणून तुकडे न मोजता पुढची टोकं मोजा. नुसती चार चिरा मारून केलेली पाहणी हलकी लागण हमखास चुकवते.

लेंडी तपासायची तर दाट द्रावणात अंडी वर तरंगवण्याची पद्धत उपयोगाची नाही, कारण अंडी जड आहेत. 5 ते 10 ग्रॅम लेंड्या पाण्यात कुस्करा, चहाच्या गाळणीने आणि मग अडीचशे-तीनशे मायक्रॉनच्या जाळीने गाळा, निमुळत्या ग्लासात चार-पाच मिनिटं बसू द्या, वरचं पाणी हळूच ओता, पुन्हा पाणी घाला. पाणी नितळ होईपर्यंत हे करा. तळाच्या गाळात मेथिलीन ब्लूचा थेंब टाकला की काडीकचरा निळा होतो आणि अंडी पिवळसर सोनेरी उठून दिसतात. अंडं 109 ते 175 मायक्रॉन लांब, एका टोकाला झाकण. नेहमीच्या यकृतकृमीच्या अंड्याशी मापं एकमेकांत मिसळतात, तेव्हा नुसत्या मापावर जात ठरवू नका. रुमेनमधल्या (रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातल्या) कृमींची अंडी मात्र रंगहीन असतात, ती ओळखू येतात. आणि लेंडी निरंक निघाली म्हणून यकृत निरोगी असं नाही: कृमी कोवळे असतील किंवा पिशवी बंद झाली असेल तर अंडी येणारच नाहीत.

गोगलगायींत लागण फार थोड्यांत सापडते, शंभरात एखादी, पुष्कळदा त्याहूनही कमी. वीस-तीस गोगलगायी फोडून 'लागण नाही' म्हणणाऱ्या अहवालाला किंमत नाही. एका जागेवरून निदान काहीशे हव्यात. पन्नास बाय पन्नास सेंटीमीटरची चौकट टाकून तिच्यातल्या सगळ्या वेचाव्या, नाहीतर डोळा फक्त मोठ्या उचलतो.

उपचाराचं म्हणाल तर ऑस्ट्रिया आणि क्रोएशियात हरणांच्या खाद्यात ट्रायक्लाबेंडाझोल हे कृमिनाशक औषध मिसळून देण्याचा मार्ग घेतला गेला, स्लोव्हाकियात राफॉक्सानाइडही वापरलं गेलं. ट्रायक्लाबेंडाझोलचा फायदा असा की ते कोवळ्या कृमींनाही मारतं. मेंढ्यांना 10 आणि गुरांना 12 मिलिग्रॅम प्रति किलो हा रूढ डोस. हरणांत औषध लवकर बाहेर पडतं, म्हणून वापिटीवरच्या प्रयोगांत काही पट जास्त डोसही दिले गेले. वेळ निवडायची ती शिकारीचा हंगाम संपल्यावर, जानेवारी अखेर ते मार्च. तेव्हा चारा कमी असतो, हरणं खाद्याला येतात, मांसात औषध उतरण्याचा प्रश्न टळतो, आणि शरदात शिरलेले कृमी एप्रिलमध्ये अंडी टाकण्याआधी गाठता येतात. औषध मेमध्ये दिलं तर तोवर त्या वर्षीच्या पुराला अंडी मिळायची ती मिळून गेलेली असतात.

कागदावर हिशोब सोपा: 10 मिलिग्रॅमने 100 किलोच्या मादीला 1 ग्रॅम, 200 किलोच्या नराला 2 ग्रॅम. किलोभर मक्यात ग्रॅमभर औषध मिसळलं तर मादीने एक किलो आणि नराने दोन किलो खाल्लं की झालं. रानात हे असं होत नाही. मोठा नर पाच किलो खातो आणि 50 किलोचं पाडस कडेला उभं राहतं. म्हणून खाद्य एका गव्हाणीत न ओतता लांब रांगेत, अनेक ठिकाणी द्यावं लागतं. रानडुक्कर मका आधी संपवतं, तेव्हा हरणाला उडी मारता येईल पण डुकराला शिरता येणार नाही असं कुंपण हवं. ओकच्या फळांचं वर्ष चांगलं असलं आणि हिवाळा सौम्य गेला तर हरणं मक्याकडे फिरकतही नाहीत. खाद्याची जागा चिखलाच्या काठाला ठेवली तर औषधाबरोबर लेंड्याही नेमक्या नको तिथे गोळा होतात. ती कोरड्या, निचऱ्याच्या उंचीवर असावी, आणि तिथे पोहोचणारा रस्ता फेब्रुवारीच्या पाण्यात बुडणारा नसावा. अर्धवट डोस वर्षानुवर्षं देत राहण्याने औषधाला दाद न देणारे कृमी निवडले जाण्याचा धोका आहे. मेंढ्यांतल्या यकृतकृमीत ते ऑस्ट्रेलियात 1990 च्या दशकातच दिसलं. या उपचारांनी लागणीचं प्रमाण आणि हरणामागे कृमींची संख्या खाली येते, कृमी हद्दपार होत नाही.

गोगलगायी मारण्याचा विचार पूरजंगलात करूच नये. तांब्याची संयुगं असोत की निक्लोसामाइड, मासे आणि बेडूक आधी मरतात, आणि पुढच्या पुरात वरून नव्या गोगलगायी येतात. व्हिएन्ना आणि ब्रातिस्लाव्हाच्या मधला डोनाउ-आउएन पट्टा 1996 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे तर प्रश्नच नाही. करता येण्याजोगं छोटं काम म्हणजे ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या बुजवणं, खाद्याजवळच्या पाझराच्या डबक्यांना कुंपण घालणं, आणि शिकारीनंतर आतडी, पित्ताशय आणि यकृत काठावर न टाकता दूर पुरणं. प्रौढ कृमी टाकून दिला तर तो मरतो, पण आतड्यातली आणि पित्तातली अंडी मरत नाहीत.

आपल्याकडे हा कृमी नाही. आपल्या गुरा-म्हशींत असतो फॅसिओला जायगँटिका. गळ्याखाली पाणी उतरलेलं जनावर ज्यांनी पाहिलं आहे त्यांना त्याची ओळख आहे. त्याच्या गोगलगायी वेगळ्या, जास्त पाण्यातल्या. पण उन्हाळ्यात तलाव आटत जातो आणि उरलेलं हिरवं गवत काठाच्या ओल्या पट्ट्यात राहतं, तिथे जनावरं तोंड घालतात, ही जुळणी तीच आहे. राखीव जंगलाच्या कडेच्या तलावावर गावची गुरं आणि चितळ-सांबर एकाच काठाला चरत असतील, तर पाहणी मार्च ते मे याच महिन्यांत, आटत्या काठावर करावी.

शेवटी हरणांच्या वाहतुकीबद्दल, कारण अमेरिकेतून इटलीची उडी कृमीने पाण्यातून नाही, माणसाच्या गाडी-बोटीतून मारली. पूरमैदानातून पकडलेली हरणं दुसऱ्या उपवनात किंवा कुंपणात नेताना एक लेंडी तपासणी करून दाखला देतात. लागण होऊनही लेंडीत अंडी न दिसण्याचा 30 ते 32 आठवड्यांचा आंधळा काळ लक्षात घेतला तर त्या दाखल्याला अर्थ नाही. नेण्याआधी पूर्ण डोस द्यावा, नव्या जागी निदान आठ महिने पक्क्या निचऱ्याच्या, डबकी नसलेल्या कुंपणात ठेवावं, आणि पुढच्या मे-जूनमध्ये निरनिराळ्या दिवशीच्या लेंड्या तीनदा तपासाव्या. ऑक्टोबरमध्ये पकडलेल्या हरणाचा नोव्हेंबरमधला निरंक अहवाल एवढंच सांगतो की मागच्या वर्षीचे कृमी त्याच्या लेंडीत अंडी टाकत नव्हते.